झाड थांबतं, अळी चालत राहते

डहाणूहून कोसबाडच्या टेकडीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या लागतात. टेकडी मागे टाकून तलासरीच्या बाजूला वळलं की चिकू विरळ होत जातो आणि साग, ऐन, मोह, कुसुंब सुरू होतात. या दोन हिरव्यांच्या मधेच माझं आयुष्य गेलं. शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरची लहानशी वाडी सांभाळली. पानं खाणाऱ्या, कळ्या कुरतडणाऱ्या, बी पोखरणाऱ्या किड्यांकडे बघायची सवय दोन्हीकडून लागली.

आमच्याकडे किडीचा विषय निघाला की बोलणं दोन वाक्यांत फवारणीवर येतं. कुठलं औषध, किती मिली, पंपाचा नोझल कसा. ते बोलणं गरजेचं आहे, वाडीवर घर चालतं. पण त्याच्या आधी एक गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे कीड ही ठरलेली, कायमची वस्तू नाही. जे झाड तिच्यापुढे येईल त्याप्रमाणे ती पिढ्यानपिढ्या घडत जाते. इतक्या वर्षांच्या बघण्यातून आणि थोड्या वाचनातून जे हाताशी लागलं ते इथे मांडतो.

१. किडीआधी झाडाचं कुळ विचारावं

चिकू मूळचा आपला नव्हे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं हे झाड. तिथले लोक त्याचा चीक आटवून चघळत, आणि पुढे त्याच चिकापासून अमेरिकेत च्युइंग गम बनू लागला. आमच्या घोलवडला त्याची लागवड १८९८ च्या सुमारास सुरू झाली. आज ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन आहे आणि बाहेरच्या माणसाला वाटतं, हे फळ इथल्याच मातीतलं असणार.

मेक्सिकोतले चिकू खाणारे किडे मेक्सिकोतच राहिले. समुद्र ओलांडून आल्या त्या बिया आणि रोपं. मग इथे चिकूची पानं जाळ्यात गुंडाळून आत बसणारी, कळ्या-फुलं पोखरणारी अळी आली कुठून? उत्तर रस्त्याच्या कडेला उभं असतं. खिरणी म्हणजेच रांजण, देवळापुढची बकुळ आणि जंगलातला मोह ही सगळी झाडं चिकूच्याच कुळातली आहेत. फांदी मोडली की पांढरा चीक, जाड चिवट पान, गुळगुळीत चकाकणारी बी आणि बीच्या एका कडेला फिकट वण. हे एकदा पाहिलं की नातं विसरता येत नाही. चिकूची पानं गुंडाळणारा पतंग बकुळीवरही सापडतो. त्याच्या दृष्टीने चिकू परदेशी नव्हताच. त्याच्या ओळखीच्या घराण्यातलं एक नवं झाड इथे आलं होतं, एवढंच.

वाडीत कामाला येणाऱ्या एका वारली आजीला मी हे नातं समजावून सांगायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “चीक एक तर किडा एक.” मोहाची फुलं वेचण्यात आणि त्याच्या बियांचं तेल काढण्यात तिचा जन्म गेला. तिचं म्हणणं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात टिकेल असं आहे. पानं खाणारे बहुतेक किडे झाडाचा आकार, उंची, देश बघत नाहीत. ते झाडातली रसायनं ओळखतात, आणि रसायनं कुळाकुळाने चालत येतात.

त्यात आपणही हातभार लावला. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, कारण खिरणी काटक आणि तिचं मूळ खोल जातं. म्हणजे एकाच बुंध्यात खाली इथली खिरणी आणि वर मेक्सिकोचा चिकू. आपण जुळवलेलं हे नातं किड्यांनी त्यांच्या परीने कधीच जुळवलेलं होतं.

२. पाहुणा उशिरा आला तरी येतो

चिकूची लागवड सुरू झाल्यावर पहिली शंभर वर्षं बागायतदारांना बी पोखरणारी अळी माहीतच नव्हती. साधारण २००० सालच्या सुमारास डहाणू-घोलवड पट्ट्यात आणि शेजारच्या दक्षिण गुजरातेत तिचा बोलबाला झाला. शास्त्रीय नाव ट्रायमॅलिटिस मार्गारियास. हा पतंग विज्ञानाला नवा नव्हता. इंग्लंडमधले एक शाळामास्तर एडवर्ड मेरिक, ज्यांनी आपलं सगळं मोकळं आयुष्य बारीक पतंगांची ओळख पटवण्यात घालवलं, त्यांनी १९०५ साली श्रीलंकेच्या नमुन्यांवरून त्याला नाव दिलं होतं. म्हणजे घोलवडला चिकू रुजत होता त्याच दशकात या पतंगाची कागदोपत्री नोंद झाली, आणि दोघांची आमच्या वाड्यांतली गाठ चर्चेत यायला शतक लागलं.

या अळीचं काम जवळून बघण्यासारखं आहे. मादी अगदी कोवळ्या, वाटाण्या-गोटीएवढ्या फळावर अंडं घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी गर ओलांडून थेट बीत शिरते. शिरलेलं भोक फळ वाढता वाढता बुजून जातं. वरून फळ निरोगी दिसतं, मोठं होतं, रंग धरतं. कापलं तर गरही चांगला, आणि बीचं काळं कवच चकाकतच असतं. ते कवच फोडलं की आतला पांढरा मगज नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी विष्ठेचा तपकिरी रवा भरलेला. पूर्ण वाढ झाली की अळी बाहेरची वाट कोरते, आणि त्या भोकाच्या तोंडाशी चिकाचा थेंब वाळून बसतो. तोच पहिला दिसणारा पुरावा. तोवर ती बाहेर पडून जवळच्या पानाची कड दुमडून कोषात गेलेली असते. भोकातून बुरशी शिरते, फळ कुजतं.

आपल्याला गर महत्त्वाचा म्हणून आपण म्हणतो, अळीने फळ नासवलं. अळीला गराशी काही देणंघेणं नसतं. कच्च्या गरात चीक आणि तुरटपणा भरलेला असतो, सगळं तेल आणि प्रथिनं बीत. झाडानेही गर गोड केला तो बी दूर नेणाऱ्या वटवाघळासाठी, माकडासाठी, माणसासाठी. बी खाणारा मात्र झाडाचा वंशच खातो. म्हणून झाडाची कडवी तटबंदी बीभोवती असते, आणि तटबंदी ओलांडणारा किडा त्या एका कामापुरता फार तयार झालेला असतो.

वाडीतलं झाड किडीविना दिसलं, तर ते तिला नकोसंच आहे असं धरून चालू नये. किडीची त्याच्याशी गाठ पडायची असते, इतकाच अर्थ कधी कधी निघतो. आज आपण ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकॅडो लावतो आहोत आणि रोपवाटिकावाला सांगतो, याला कीड नाही. पहिल्या दहा वर्षांचं ते बोलणं आहे.

३. अळीचं पंचांग झाडाच्या हातात

अशी नवी गाठ पडल्यावर पुढे काय होतं, याचं सगळ्यांत चांगलं अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे जंगलात हॉथॉर्न नावाचं काटेरी झाड आणि त्याच्या लाल बारक्या फळांत वाढणारी एक फळमाशी. युरोपातून गेलेल्या लोकांनी सफरचंद नेलं, ते गुलाबाच्याच कुळातलं, हॉथॉर्नचं नातलग. दोनेकशे वर्षं काही झालं नाही. मग १८६० च्या दशकात हडसन नदीच्या खोऱ्यात ही माशी सफरचंदात सापडू लागली. बेंजामिन वॉल्श या कीटकतज्ज्ञाने तेव्हाच म्हणून ठेवलं, की एकाच किड्याचे दोन झाडांवर गेलेले गट हळूहळू दोन जाती होऊ शकतात.

कारण साधं होतं. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा तीनेक आठवडे आधी पिकतं. या माश्या फळावरच जोडीदार शोधतात. सफरचंदात वाढलेल्या माश्यांतून लवकर बाहेर पडणाऱ्यांना फळ मिळालं आणि उशिरा निघणाऱ्यांना नाही. पिढ्या गेल्या तशा लवकर निघणाऱ्याच उरल्या, आणि त्यांची हॉथॉर्नवरच्या माश्यांशी भेट कमी होत गेली. मधे डोंगर नाही, समुद्र नाही, एकाच शिवारात राहून वेळ चुकल्यामुळे दोन वंश वेगळे व्हायला लागले. गाय बुश आणि त्यांच्या नंतरच्या संशोधकांनी हे पुढे जनुकांपर्यंत नेऊन दाखवलं.

मी हे वाचून चिकूकडे पाहतो तेव्हा वेगळीच गोष्ट दिसते. खिरणी वर्षातून एकदाच फळते, उन्हाळ्यात. बाजारात पिवळ्या खिरण्यांचे वाटे दिसतात आणि महिन्याभरात संपतात. तिच्यावर जगणाऱ्या किड्याला ती वेळ साधावीच लागते, नाहीतर वंश खुंटला. चिकूचं तसं नाही. हंगाम कमीजास्त होतो, पण झाडावर कळी, फूल, गोटी आणि तयार फळ एकाच वेळी सापडतं. पूर्ण रिकामं झाड कधी नसतं. म्हणजे खिरणीने किड्याच्या गळ्यात बांधलेलं पंचांग चिकूने सोडवलं. वाट पाहायची गरज नाही, उपासाचा काळ नाही, एक पिढी संपते तिथे दुसरीचं जेवण तयार. वाडीत कीड का हटत नाही, याचं माझ्या मते हे औषधापेक्षा मोठं कारण आहे. म्हणूनच गळलेली, भोक पडलेली फळं वेचून खोल पुरणं आणि दाट झालेल्या फांद्या विरळ करणं, या कंटाळवाण्या कामांवर माझा भर असतो. झाड जो खंड देत नाही तो थोडा तरी आपण पाडायचा.

४. अळी शिकत नाही, उरते

गावात म्हणतात, “किडीला औषधाची सवय झाली.” सवय एका जिवाला होते. एक अळी जन्मभर तीच राहते. जी मरायची ती मरते, एखादी जात्याच वेगळी असलेली उरते, आणि पुढची पिढी त्या उरलेलीची असते. सगळं बदलणं एवढ्याच वाटेने होतं.

हे बघायचं तर बोर्डीच्या किनाऱ्यालगतच्या रेताड जागेत रुई शोधावी. रुईच्या चिकाने गुरं तोंड फिरवतात. त्यातलं विष हृदयावर चालतं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा एक पंप असतो, त्याला ते घट्ट चिकटून बंद पाडतं. तरी पानाच्या खालच्या बाजूला काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी आरामात चरत असते. तांबूस-नारिंगी पंखांच्या, टोकाशी काळा-पांढरा रंग असलेल्या त्या नेहमीच्या फुलपाखराची ही अळी. शांत बसून पाहिलं तर दिसतं, की ती आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. चिकाचा चिकटपणा जबडे बांधून टाकतो, त्यातून सुटायची ही युक्ती. पण विष तर पोटात जातंच. त्याची सोय तिच्या पेशींत आहे. त्या सोडियम पंपाची घडण अशी बदललेली, की विषाला चिकटायला जागा मिळत नाही.

मला थक्क करणारी गोष्ट पुढची. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं, की रुईवर आणि तिच्या अमेरिकेतल्या भावंडांवर, तसंच अशीच विषं असलेल्या इतर झाडांवर जगणाऱ्या फुलपाखरं, भुंगेरे, ढेकण्या आणि माश्या अशा चार वेगवेगळ्या गणांतल्या कीटकांत त्या पंपाच्या त्याच त्याच जागा बदलल्या आहेत. एकमेकांशी कोट्यवधी वर्षांचं अंतर असलेले हे जीव. कुणी कुणाकडून घेतलं नाही. कुलूप एकच असल्यामुळे उघडायचे मार्गही मोजकेच होते.

पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरं आणि झाडांवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की झाडाच्या एखाद्या वंशात नवं विष तयार होतं तेव्हा बहुतेक किडे गळून पडतात, झाडाचा तो वंश मोकळा पसरतो, मग कधीतरी एखादा किडा ते विष पचवतो आणि त्या मोकळ्या ताटावर त्याचाही वंश पसरतो. पृथ्वीवर इतक्या जातींचे किडे आणि इतक्या जातींची झाडं का, याच्या उत्तराचा मोठा भाग या देवाणघेवाणीत आहे. पुढे त्यांच्या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला.

५. वर्षं मोजू नका, पिढ्या मोजा

माझं सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं हे.

आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक वाड्या कालीपत्तीच्या. फळ गोड, बी कमी, बाजारात नाव. कालीपत्ती बीपासून करत नाहीत, कलम किंवा गुटी बांधून करतात. म्हणजे माझ्या वाडीतलं झाड, शेजारचं झाड, घोलवडचं आणि वाणगावचं झाड हे पुष्कळ अंशी एकच झाड आहे, हजारो ठिकाणी उभं असलेलं. आजोबांच्या काळात ते जसं होतं तसंच आज आहे. त्याच्या पानातला चीक, सालीची जाडी, कळी फुटायची वेळ यांत पिढीगणिक नवी सरमिसळ होतच नाही, कारण पिढीच होत नाही.

पानं गुंडाळणारी अळी मात्र वर्षात कितीतरी पिढ्या काढते. प्रत्येक पिढीत नर-मादीची नवी सरमिसळ, शेकडो नवी अंडी, त्यांतली बरीचशी मरतात आणि झाडाशी जास्त जुळणारी उरतात. आजोबांपासून माझ्यापर्यंत माणसाच्या तीन पिढ्या झाल्या, तेवढ्यात अळीच्या शेकड्यांनी झाल्या. झाड एका जागी थांबलेलं आणि त्याला खाणारी सतत चालत असलेली. जंगलात असं होत नाही. तिथे मोह बीतून येतो, प्रत्येक मोह थोडा निराळा असतो, एक झाड झोडपलं गेलं तरी शेजारचं हिरवं दिसतं. मोहावर कीड नाही असं नाही, भरपूर आहे. पण सगळे मोह एकाच वर्षी, एकाच किडीने पालापाचोळा झालेले मी पाहिले नाहीत.

म्हणून कलमं बांधू नका असं मी म्हणणार नाही. कालीपत्तीवरच आमची पोरं शिकली. पण वाडीच्या कडेने दोन-चार बियांची चिकूची झाडं, एखादी बकुळ, एखादी खिरणी राहू द्यावी. त्यांवर किडी येतीलच, आणि त्या किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही येतील. या माश्यांना वाडीत वस्तीला जागा हवी. सरसकट फवाऱ्यात अळीआधी त्या मरतात, आणि अळीच्या उरलेल्या पोरांना रान मोकळं मिळतं. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि विद्यापीठांच्या मेळाव्यांत एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणून जे सांगतात, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. नाव अवघड वाटतं म्हणून लोक उठून जातात, तसं करू नये.

६. भाताने हा धडा आधीच दिला आहे

तपकिरी तुडतुडे भाताचा रस शोषतात आणि शेतात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ साली आय.आर. २६ हा वाण दिला. त्यात तुडतुड्यांना रोखणारं एक जनुक होतं. लाखो एकरांवर तोच वाण गेला आणि दोन-तीन वर्षांत त्याचं रोखणं बंद झालं. मग दुसरं जनुक घेऊन १९७६ साली आय.आर. ३६ आला. गादमाशीची कथा याहून गुंतागुंतीची. तिची अळी भाताचा कोंब आतून बिघडवते आणि लोंबीच्या जागी कांद्याच्या पातीसारखा चंदेरी पोंगा येतो. तिचे भारतात सात प्रकार नोंदले आहेत. दिसायला सगळ्या सारख्याच, फरक इतकाच की कुठल्या प्रकाराला कुठलं जनुक थोपवतं. एका जिल्ह्यात टिकलेला वाण दुसऱ्या जिल्ह्यात झोपतो तो यामुळे.

आमच्या वारली पाड्यांवर अजून काही घरं निरनिराळ्या मुदतीचे दोन-तीन गावठी भात लावतात, उताराला हळवा आणि खाचरात गरवा. ते उत्पन्नासाठी, पाण्यासाठी आणि चवीसाठी. किडीलाही त्यात एकसारखं मैदान मिळत नाही, हा वरचा लाभ.

७. कापसाकडे बघून घाबरावं, आणि मग नीट बघावं

आमच्याकडे कापूस नाही, पण विदर्भातल्या नातलगांकडून ऐकलेलं आणि वाचलेलं इथे जोडतो, कारण झाड बदललं की कीड कशी बदलते हे महाराष्ट्राने यापेक्षा महागात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. २००२ साली बीटी कापूस आला. त्यात एका जिवाणूचं जनुक असतं, पान-बोंड खाणाऱ्या अळीच्या आतड्याला भोकं पाडणारं प्रथिन झाड स्वतःच तयार करतं. २००६ साली दोन प्रथिनांचा बीटी आला. २००९-१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही असं जाहीर झालं, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी.

त्याच शेतात हिरवी बोंडअळी मात्र तशी उलटली नाही. हा फरक मला फार शिकवून गेला. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. बीटीचा कधी संबंधच न आलेल्या तिच्या पतंगांची संख्या आजूबाजूला मोठी असते. कापसात एखादी प्रतिकार असलेली निघाली तरी तिची जोडी बाहेरच्या साध्या पतंगाशी लागते आणि तो गुण पातळ होतो. गुलाबी अळीचं जेवण जवळजवळ कापसावरच, त्यामुळे तिला बाहेरून साधे पतंग पाठवणारं माहेर नाही. त्यासाठीच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुडक्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी देत होते, शेताच्या कडेने लावायला, म्हणजे साधे पतंग तयार होत राहावेत. बहुतेक ठिकाणी ते लावलं गेलं नाही, कारण आपल्याच शेतात अळीसाठी ओळी सोडणं कुणाच्या मनाला पटेना. त्यावर फरदड धरून कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा, म्हणजे चिकूसारखाच जवळजवळ बाराही महिने जेवणाचा मांडव. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. कुणीतरी शेतावर येऊन हे कारण त्याला त्याच्या बोलीत सांगायला हवं होतं.

८. सागाची अळी आणि खाडीतली तिवर

पावसाच्या सुरुवातीला तलासरी-उधव्याच्या बाजूला सागाला कोवळी मोठी पानं आली की एक अळी पान कापून कड दुमडते, आत लपते, आणि रात्रीत शिरांशिवाय काही ठेवत नाही. पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, दुसरीच अळी जून पानांवर येते. ती शिरांमधला हिरवा भागच खाते आणि पानाची जाळी करते. डोंगर उतरणीला तांबूस-राखाडी दिसायला लागतो आणि नवखा माणूस म्हणतो, यंदा पानगळ लवकर. एकच झाड दोन अळ्यांनी हंगामानुसार वाटून घेतलेलं आहे. कोवळं पान पचवायला सोपं पण थोडे दिवसच मिळतं, जून पान पुष्कळ पण चिवट. दोघींच्या जबड्यांची आणि वेळेची घडण त्या त्या पानाने केली.

यातली पहिली अळी मुंबईच्या खाड्यांत तिवराचीही पानं फस्त करते. सागाची अळी खारफुटीवर काय करते, असा प्रश्न मला कित्येक दिवस पडला होता. उत्तर पुन्हा कुळाशीच. जुन्या वनस्पतिशास्त्रात साग आणि तिवर दोन्ही घाणेरीच्या कुळात धरत. आता साग तुळशीच्या कुळात आणि तिवर अडुळशाच्या कुळात गेले, पण दोघांचा मोठा गण एकच आहे. डहाणूच्या खाडीत तिवर आणि टेकडीपलीकडे साग, मधे काही मैलांचं अंतर, पतंगाला ते फार नाही. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो तेव्हा तिवर हिरवीगार असते. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. त्या अधिसूचनेवर बोलताना आपण झाडांची यादी करतो. मला वाटतं, खाडी आणि डोंगर यांना जोडणाऱ्या अशा बारीक पतंगांचाही त्या विचारात हिस्सा आहे. खाडी बुजली तर सागाच्या अळीचंही गणित बदलेल, कुठल्या दिशेने ते बघायला तरी ती खाडी हवी.

९. नमुना ठेवावा, आणि त्यावर झाडाचं नाव लिहावं

माघ-फाल्गुनात कुसुंबाला लालभडक पालवी येते. त्याच्या बियांवर जगणारे लाल ढेकण्यासारखे किडे बुंध्याशी घोळक्याने दिसतात. बीपर्यंत पोचायला त्यांना सुईसारखी सोंड असते. त्यांच्याच एका अमेरिकी चुलत भावंडावर स्कॉट कॅरल यांनी केलेलं काम मी वर्गात दरवर्षी सांगत असे. फ्लोरिडात तो किडा कपाळफोडीच्या जातीच्या वेलावर जगतो. आमच्या बांधावर चढते तिचीच बहीण. त्या वेलाचं फळ फुग्यासारखं, बी आत खोल, म्हणून किड्याची सोंड लांब, सुमारे ९ मिलिमीटर. तिथल्या लोकांनी शोभेसाठी तैवानचं एक झाड लावलं, कुसुंबाच्याच कुळातलं, पण चपट्या फळाचं. बी वरच. १९५० नंतर ते सगळीकडे पसरलं, आणि त्यावर वाढणाऱ्या किड्यांची सोंड आखूड होत होत ७ मिलिमीटरच्या आसपास आली. एका माणसाच्या हयातीत.

हे सिद्ध झालं ते संग्रहालयांतल्या जुन्या किड्यांमुळे. आधीच्या काळी कुणीतरी ते टोचून ठेवले होते आणि खाली चिठ्ठीवर तारीख आणि गाव लिहिलं होतं. ती मोजपट्टी नसती तर आजची सोंड आखूड झाली की पहिल्यापासून तशीच, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या याच टेकडीवर कुरणशाळा चालवल्या, गुरं राखणाऱ्या मुलांना कुरणातच पानं, बिया, दगड हाताळत शिकवलं. त्या पद्धतीला मी आयुष्यभर मानत आलो, आणि तिच्यातच एक काम जोडावं असं मला वाटतं. पट्ट्यातल्या प्रत्येक शाळेने किड्यांची एक पेटी ठेवावी. मासिकातल्या रंगीत फुलपाखरांची नको, वाडीतल्या आणि रानातल्या साध्या खाणाऱ्यांची. चिकूतून निघालेला बी पोखरणारा पतंग, बकुळीवरचा पानं गुंडाळणारा, मोहावरचा, सागाचा, तिवरावरचा. अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं घालून बरणीत वाढवायची, पतंग निघाला की टोचायचा, डांबरगोळी ठेवायची, दर पावसाळ्याआधी पेटी उन्हात द्यायची. चिठ्ठीवर किड्याचं नाव चुकलं तरी चालेल, ते पुढे कुणी जाणकार दुरुस्त करील. पण कुठल्या झाडावर सापडला, त्या झाडाचं कुठलं अंग खात होता, झाड बीचं की कलमी, गाव कुठलं आणि तारीख काय, एवढं पेन्सिलने लिहायचं. शाई दमट हवेत उतरते.